तिगावच्या बरडावरचा रानओवा

"हुंगा आधी."

पांढुर्ण्याच्या स्टेशन रोडवर दौलतभाऊंच्या दुकानात पहिल्यांदा आलेल्या माणसाला प्लेटीच्या आधी हे दोन शब्द मिळायचे. त्यामागोमाग बोटांत चुरगाळलेलं एक हिरवं पान नाकासमोर यायचं. गिऱ्हाइकाची गाडी सुटत असो, सोबत नवी बायको असो की तहसीलचा साहेब असो, हुंगल्याशिवाय भजी नाहीत. कोणी कुरकुरला, "अहो, भूक लागली आहे," तर दौलतभाऊ झारा हवेत धरून म्हणायचे, "भूक नाकातूनच सुरू होते. हुंगा." मग तो बिचारा हुंगायचा. कपाळावरच्या आठ्या सैल व्हायच्या, आणि दौलतभाऊ असा चेहरा करायचे की जणू ते पान त्यांनीच जन्माला घातलं आहे.

माझं भांड्यांचं दुकान त्यांच्या अगदी समोर. आधी वडिलांचं, मग माझं. टांगलेल्या बादल्या आणि पातेल्यांच्या मधून मी या माणसाला उभं आयुष्य पाहिलं. मधे रस्ता होता म्हणून आमची मैत्री टिकली. एकाच बाकावर बसलो असतो तर त्यांच्या तापटपणापुढे माझा टिकाव लागला नसता. उंच, काटक बांधा, पांढरा पायजमा, बाहीची बंडी, आणि चेहऱ्यावर सगळ्यात आधी नजरेत भरणारं नाक. त्या नाकाचा त्यांना फार अभिमान होता. दुकानात अगरबत्ती लागत नसे. कोनाड्यातल्या बुद्धाच्या मूर्तीसमोर फूल असे, पण तेही बिनवासाचं. अत्तर लावून आलेल्या गिऱ्हाइकाला ते आदराने बाहेरच्या बाकावर बसवत. "तुमचा वास लय महागाचा आहे," म्हणायचे, "माह्या भज्यायले झेपत नाई."

ते पान म्हणजे रानओवा. गुडघ्याइतकं वाढणारं झुडूप, कात्रीने कातरल्यासारखं बारीक पान, आणि पावसाळा सरता सरता वर पांढऱ्या फुलांच्या छत्र्या. तिगाव स्टेशनच्या पलीकडे जो बरड आहे, दगडधोंड्यांचा, ज्यात ना कापूस येतो ना संत्रा, तिथे नाल्यातल्या खडकांच्या आडोशाला ते उगवतं. सकाळच्या पॅसेंजरने दौलतभाऊ एक स्टेशन पुढे जायचे आणि परतीच्या गाडीने कापडी पिशवी भरून यायचे. श्रावणापासून पुढे कोवळी पानं चिरून बेसनात पडायची. थंडीच्या तोंडाला बी पिकलं की ते झोडपून बरण्यांत भरायचं, आणि उरलेलं वर्ष ते बी भरडून भज्यात. वास असा, की ओवा आणि शेपू यांच्यामध्ये कुठेतरी. पण दोघांपेक्षा धारदार. झाडाचा मधला कोंब ते कधी तोडत नसत, आणि मुळाला हात लावणाऱ्याशी तर बोलणंच सोडत.

एकदा छिंदवाड्याच्या कॉलेजातल्या एक वनस्पतिशास्त्राच्या बाई गाडी चुकली म्हणून दुकानात आल्या. हुंगा म्हटल्यावर त्यांनी नुसतं हुंगलं नाही, पिशवीतून भिंग काढलं. दौलतभाऊ खूष. बाईंनी त्यांना सांगितलं की गाजर, कोथिंबीर, जिरं, शेपू, बडीशेप हे सगळं एकाच कुळातलं, आणि हा रानओवाही त्यातलाच. फुलांचे सगळे देठ एकाच ठिकाणाहून फुटतात, छत्रीच्या काड्यांसारखे, ती कुळाची खूण. वर हेही सांगितलं की या कुळात जहरी भाऊबंदही असतात, म्हणून अनोळखी पान तोंडात घालायचं नाही. दौलतभाऊंनी शाळेतल्या मुलासारखं सगळं ऐकून घेतलं, पैसे घेतले नाहीत, आणि दुसऱ्या दिवसापासून आख्ख्या स्टेशन रोडला शिकवायला सुरुवात केली. "जिऱ्याचा चुलतभाऊ आहे हा. खानदानी माणूस." ऐकून ऐकून माझे कान किटले.

आणि मग हमखास गाजरगवताचा उद्धार व्हायचा. रस्त्याकडेला, रेल्वेच्या रुळांलगत, पडीक जागेत जे माजतं, अंगाला लागलं की खाज सुटते, ते. त्याचं कोवळं रोप रानओव्यासारखंच दिसतं. फुलं आली की फरक कोणालाही कळेल. त्याची फुलं छत्री करत नाहीत, झाडभर विखुरतात. पण फुलं आली की रानओव्याचं पान राठ होतं, भज्यात चालत नाही. पान हवं ते फुलाआधीचं, आणि तेव्हा फरक सांगणारी गोष्ट एकच. पान चुरगाळायचं आणि नाकाशी न्यायचं. "पान दिसते दहा जागी, वास येते एकाच जागी," असं ते म्हणायचे. झुडपागणिक हुंगत, वाकून वाकून ते पिशवी भरत. एवढा सोस कशाला, असं मी एकदा विचारलं होतं. तेव्हा त्यांनी जे उत्तर दिलं, ते समजायला आधी आमच्या घरची एक गोष्ट सांगायला हवी.

दौलतभाऊ बौद्ध. त्यांनी ऐन जवानीत भज्यांचं दुकान टाकलं, तेव्हा त्यांच्या हातचं खाणार कोण, हे गावाने तोंडाने विचारलं नाही. दुकानासमोरून सरळ पुढे जाऊन विचारलं. खाणारे म्हणजे स्टेशनवरचे हमाल, बाहेरगावचे प्रवासी आणि त्यांच्या मोहल्ल्यातली माणसं. आमचं घर संत्र्या-कापसाच्या शेतकऱ्यांचं. बाबा समोर बसून रोज तो वास घ्यायचे, आणि भजी मात्र चार दुकानं पलीकडून मागवायचे. बाबांना वाताचा त्रास होता. एक दिवस पोट धरून गल्ल्यावर बसले होते, तर दौलतभाऊ रस्ता ओलांडून आले. कागदावर चिमूटभर बी. "काकाजी, चावून खा. वरून गरम पाणी घ्या."

बाबांनी त्या कागदाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, रस्त्यावर कोण आहे ते पाहिलं. मग जाहीर केलं, "औषधाले काही नसते." म्हणजे विटाळ नसतो. बी चावलं. थोड्या वेळाने असा ढेकर दिला की मागची परात वाजली असावी. दुसऱ्या दिवशी पुन्हा पुडी आली. तिसऱ्या दिवशी दौलतभाऊ म्हणाले, "काकाजी, भज्यातही हेच आहे. तळलेलं औषध समजा." बाबांनी पहिली प्लेट औषध म्हणून खाल्ली आणि दुसरी गुण आला का ते पाहायला. "बिमारी जुनी दिसते," दौलतभाऊ गंभीरपणे म्हणाले, "रोज घ्या लागन." मग बाबा त्या बाकावर जाऊन बसू लागले, आणि बाबांना बसलेलं पाहून बाकीचेही आले. ही गोष्ट आमच्या घरात हसत हसत सांगतात. मीही हसतो. पण शेजारच्या माणसाच्या हातचं खायला आमच्या लोकांना पोटदुखीचं निमित्त लागलं, याची मला आजही लाज वाटते.

तर माझ्या प्रश्नाला त्यांचं उत्तर असं होतं: "बबन, दुसऱ्याच्या भज्यात माशी निघाली त लोक म्हणतात, माशी निघाली. माह्या भज्यात निघाली त काय म्हणतीन, तुले मालूम आहे."

मला माहीत होतं. म्हणून मी पुढे कधी छेडलं नाही.

पण या एका भीतीने त्यांच्या हातून एक वाईट गोष्ट झाली. त्यांचा एकुलता मुलगा मिलिंद. कॉलेज करत दुकानात हातभार लावायचा, कांदा चिरायचा, घाणा उतरवायचा, आणि गिऱ्हाइकांशी बापापेक्षा गोड बोलायचा. पान तोडायला मात्र दौलतभाऊ त्याला पाठवत नसत. फार तर पिशवी धरायला सोबत नेत. एका बाजाराच्या दिवशी दौलतभाऊ तापाने फणफणले होते. मिलिंदने कोणाला न विचारता सकाळची पॅसेंजर पकडली आणि एकटा तिगावला जाऊन पिशवीभर पान घेऊन आला. दुकान भरलेलं. तो पानं धुवायला काढणार, तेवढ्यात अंगावर शाल घेऊन दौलतभाऊ पायरी चढले. पिशवीत हात घातला. एक मूठ नाकाशी नेली, दुसरी नेली. चेहरा असा बदलला की मी गल्ल्यावरून उठून उभा राहिलो.

"लोकायले जहर चारतं का बे?" म्हणाले. "गाजरगवत आहे हे! नाक नाई, डोळे नाई, अन् दुकान चालवाले निघाला!" आणि ती आख्खी पिशवी सगळ्यांच्या देखत नालीत उलटी केली.

"बाबा, निवडून घेतो ना मी," मिलिंद म्हणाला.

"माह्या पायरीवर पाय ठेवू नको. नाव कमवाले उमर गेली माही. तुह्या हातानं बुडवाले नाई."

मिलिंदने कमरेचं फडकं सोडून बाकावर ठेवलं आणि तो निघून गेला. पुढे बोरगावच्या एका कंपनीत लागला, रोज मोटारसायकलने जाऊ-येऊ लागला. राहायचा त्याच घरात, बापासोबत जेवायचा, आजारपणात पाय दाबायचा. पण दुकानाचा विषय दोघांत पुन्हा निघाला नाही. घरी जायला स्टेशन रोडच सरळ पडतो, तरी तो मागच्या गल्लीने जायचा. मी दौलतभाऊंना म्हटलं होतं, "पोराला बोलवा. चूक होते माणसाची." ते कढईत पाहत म्हणाले, "त्याचे पाय त्याच्यापाशी आहेत. मी काय बांधून ठेवले?" असा हेका. मला त्यांचा राग यायचा, आणि संध्याकाळी पुन्हा भजी खायला मीच जायचो.

मिलिंदचं लग्न लोधीखेड्याच्या सुनंदाशी झालं. कमी बोलणारी, भरभर काम उरकणारी मुलगी. मामाजी, म्हणजे सासरे, पान घेऊन आले की अंगणात टोपलं घेऊन ते धुवायचं, निथळायचं आणि दुकानात पाठवायचं, हे काम तिच्याकडे आलं. दौलतभाऊंना सुनेचं कौतुक होतं. "सुनबाईनं धुतलं की पानात मातीचा कण नाई," म्हणायचे. त्यांच्या तोंडून कोणाचं कौतुक म्हणजे मोठीच गोष्ट होती.

मग ते साथीचं वर्ष आलं. घरोघर ताप. दौलतभाऊही पडले, आणि वाचले. कित्येकांचा वास गेला होता तसा त्यांचाही गेला. बाकीच्यांचा परत आला, त्यांचा आला नाही. हे त्यांनी कोणालाही सांगितलं नाही, बायकोलाही नाही. दुकान पुन्हा उघडलं, तिगावच्या फेऱ्या सुरू झाल्या, "हुंगा आधी" सुरू झालं. फक्त आता ते पान गिऱ्हाइकाच्या नाकासमोर जास्त वेळ धरायचे आणि टक लावून त्याच्या तोंडाकडे पाहायचे. म्हातारपणाने हळवे झाले असतील, असं मला वाटायचं. ते लोकांच्या चेहऱ्यावरून वास ओळखत होते, हे नंतर कळलं.

त्या दिवशीही बाजारच होता. सुनंदा भावाच्या साखरपुड्याला लोधीखेड्याला गेलेली. दौलतभाऊ सकाळी पान घेऊन आले, घरी सुनंदा नव्हती म्हणून दुकानातच धुतलं. गर्दी मोठी होती, एकामागून एक घाणे उतरत होते. त्या दिवशी सगळी जुनीच गिऱ्हाइकं, म्हणून कोणाला हुंगायला लावायची वेळ आली नाही. मीही एक प्लेट मागवली. पहिल्याच घासाला चव कडवट लागली. वाटलं, तेल जुनं असेल. मग ओठांना खाज सुटली. रस्त्यापलीकडे पाहिलं तर बाकावरची माणसं तोंडावर पाणी मारत होती. एका म्हाताऱ्याला धाप लागली, त्याला ऑटोत घालून दवाखान्यात नेलं. तो दुसऱ्या दिवशी घरी आला, कोणाच्या जिवावर बेतलं नाही. पण त्या वेळी ते कोणाला माहीत होतं? आरडाओरडा झाला, प्लेटी फेकल्या गेल्या.

मी धावत गेलो. दौलतभाऊ भट्टीपाशी उभे होते. समोर पानांचं टोपलं. त्यांनी एक मूठ उचलून माझ्यापुढे केली.

"बबन, हुंग," म्हणाले. "खरं सांग. वास येते का?"

मी हुंगलं. ओल्या गवताचा वास होता, दुसरा कसला नाही. मला खोटं बोलावंसं वाटलं, देवाशपथ वाटलं. पण ते माझ्या तोंडाकडे पाहत होते, आणि चेहरा वाचायची त्यांना सवय झाली होती.

"नाही येत, दौलतभाऊ."

"मले त दोन सालापासून कशाचाच नाई येत," ते म्हणाले. आणि ती मूठ त्यांनी स्वतःच्या तोंडात कोंबली आणि चावायला लागले. मी हात धरून ती बाहेर काढायला लावली. मग त्यांनी भट्टी विझवली.

बाहेर गर्दीत कोणीतरी बोललंच. वय झालेला माणूस, मी नाव घेत नाही. "म्हणून आमचे बुढे म्हणत होते, तिथलं खाऊ नका." हळूच बोलला, पण सगळ्यांनी ऐकलं. दौलतभाऊंनीही ऐकलं. ज्या वाक्याच्या धाकाने या माणसाने जन्मभर वाकून वाकून एकेक झुडूप हुंगलं, ते वाक्य शेवटी त्यांच्याच पायरीवर उभं राहून कोणीतरी म्हटलं. मी त्या माणसाशी अजून बोलत नाही.

अंधार पडायच्या सुमारास मिलिंद आला. कंपनीचे कपडे अंगावर, हेल्मेट हातात. बातमी त्याला रस्त्यातच लागली असावी. मागच्या गल्लीने न जाता तो सरळ दुकानात शिरला, इतक्या वर्षांनी. त्याने बाह्या सरसावल्या. कढई उतरवली, तेल डब्यात ओतलं, टोपल्यातली पानं पोत्यात भरून तोंड बांधलं, आणि बाक धुवायला घेतला. दौलतभाऊ कोपऱ्यात स्टुलावर बसून पाहत होते. मी दारात उभा होतो. जावं की थांबावं, कळत नव्हतं.

"बोल ना," दौलतभाऊ म्हणाले. "मी तुले चार लोकांत बोललो होतो. आता तू बोल. मी ऐकतो."

मिलिंदने बाकावर पाणी ओतलं. "काय बोलू, बाबा? गलतीच त झाली. होते माणसाची."

दौलतभाऊंनी वाहत आलेल्या पाण्यातून पाय वर घेतले. मग स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले, "एवढंच मले तवा बोलता आलं असतं."

मिलिंद खाली मान घालून बाक घासत राहिला.

दुसऱ्या दिवशी मी विचारपूस करायला घरी गेलो, तर सुनंदा नुकतीच गावाहून आली होती. बॅगही आत नेली नव्हती, तशीच अंगणात मामाजींसमोर उभी. डोळे रडून लाल.

"माहीच गलती आहे, मामाजी. मी जायले नोको होती."

"तुही काऊन?"

तिने माझ्याकडे पाहिलं, मग सांगूनच टाकलं. साथीनंतर एकदा दूध करपून घरभर धूर झाला होता, आणि दौलतभाऊ शेजारच्या खोलीत शांत बसून होते. तेव्हाच तिच्या ध्यानात आलं. तेव्हापासून पान धुता धुता ती एकेक चुरगाळून पाहायची आणि गाजरगवत वेगळं काढून मागच्या उकिरड्यात टाकायची. कधी मूठभर निघायचं, कधी अर्धं टोपलं. तिला वास ओळखायला कोणी शिकवलं नव्हतं. इतकी वर्षं पान हाताखालून गेलं, त्यातूनच ती शिकली.

"मंग सांगतलं काऊन नाई?"

"सांगतलं असतं त तुमी तिगावले जाणं बंद केलं असतं," ती म्हणाली. "तिकडून येता तवा तुमी खुश राह्यता."

दौलतभाऊ हसल्यासारखं करत म्हणाले, "म्हणजे मी दोन सालापासून नुसता पिशवी वाहून आणत होतो." त्या हसण्याकडे माझ्याने पाहवलं नाही. लोकांनी नावं ठेवली त्याहून हे त्यांना जास्त लागलं, असं मला वाटतं. पोराला ज्या चुकीसाठी पायरीवरून उतरवलं, तीच चूक ते स्वतः रोज करत होते, आणि घरातली पोर ती पदरात झाकत होती.

दुकान पुन्हा उघडलं नाही. सुनंदाने एकदा नाही, दहादा विनवलं. "मी चालवीन, मामाजी. मले पान ओळखता येते." मीही सांगून पाहिलं की लोक विसरतात. ते ऐकायला तयार नव्हते. "लोक आता प्लेटीत पान नाई पाहणार, मले पाहतीन. सुनबाईच्या हाताले माहा डाग काऊन लावू?" तो हेका शेवटपर्यंत गेला नाही. त्या शटरमागे आता मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. मुलगा चांगला आहे, पण दिवसभर गाणी लावतो.

दौलतभाऊ त्यानंतरच्या उन्हाळ्यात गेले. झोपेत गेले, त्रास झाला नाही, असं मिलिंदने सांगितलं. मी त्या वेळी सौसरला भाचीच्या लग्नात होतो, शेवटचं दर्शनही झालं नाही. त्यामुळे माझ्या लेखी दौलतभाऊंची शेवटची भेट म्हणजे त्याआधीच्या थंडीतली, गाडीतली.

मी मुलताईहून परतत होतो. तिगावला गाडी थांबली आणि डब्यात मिलिंद, सुनंदा आणि त्यांच्यामागे दौलतभाऊ चढले. तिघांच्या पायांवर धूळ, मिलिंदच्या हातात रिकामी पिशवी. मी सरकून जागा केली. दौलतभाऊ खूप वाळले होते. सुनंदाने म्हणे हट्टच धरला होता, की दुकान नाही तर नाही, पण रानओव्याची ठिकाणं तरी दाखवून ठेवा. आणि दिवाळी होऊन गेल्यावर, महिनाभर आज-उद्या करून, ते कसेबसे तयार झाले होते.

"उशीर झाला औंदा," मला म्हणाले. "बी सारं झडून गेलं. वाळके दांडे पाहून आलो." मग सुनंदाला समजावत राहिले: नाल्याच्या वरच्या अंगाला कमी असतो, खालच्या वळणावर, मोठ्या खडकाच्या सावलीत दाट असतो, पावसाळ्यात तिथंच जायचं, काठाकाठानं जाऊ नये, काठावर सारं गाजरगवत आहे. ती मान हलवत होती. मग ते मिलिंदकडे वळले.

"तुह्या ध्यानात राहीन ना ते खालचं वळण?"

मिलिंद खिडकीबाहेर पाहत होता. "मले मालूम होतं, बाबा. तवाची पिशवी मी तिथूनच भरली होती."

कुठली, कधी, हे कोणी विचारलं नाही. सुनंदाने पदर सावरला. मी वरच्या फळीवरच्या पेटीकडे पाहत बसलो. गाडीने वेग धरला होता.

"मालूम आहे," दौलतभाऊ म्हणाले. "तिथलीच होती. काठावरच्या दोन मुठी आल्या होत्या तिच्यात, बस. बाकी सारी बराबर होती. मले वास आला होता."

मिलिंदने मान वळवली. "मंग?"

दौलतभाऊंनी उत्तर जुळवायचा प्रयत्न केला. लोकांचं, नावाचं, तापाचं काहीतरी सांगू पाहत होते. मग ते सोडून दिलं. त्यांनी दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले.

"लय कोवळी तोडली होती तू, बेटा," म्हणाले. "माह्यापेक्षा कोवळी."

पांढुर्णा आलं. गाडी थांबली तसा मिलिंद सगळ्यांच्या आधी उतरला आणि फलाटावर आमच्याकडे पाठ करून उभा राहिला. दौलतभाऊ दाराचा दांडा धरून वरच थांबले. एक पाय खाली सोडून चाचपडत होते, त्यांना पायरी सापडत नव्हती.

"अवो," सुनंदा मागून म्हणाली, "मामाजीले हात द्या ना."

तेव्हा तो वळला. त्याला समोरचं धड दिसतही नसावं, पण त्याने दोन्ही हात वर केले.